अज्ञान कोण, पालक कोण?

मागच्या पावसाळ्यातली एका मंगळवारची दुपार. जेवण झाल्यावर मी वर्तमानपत्र छातीवर घेऊन आडवा झालो होतो. तेवढ्यात नातू आला आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत, ते सांगा ना पटकन." मी चष्मा न शोधता, फोन हातभर लांब धरून, ते आकडे वाचून दाखवले. "थँक्यू आजोबा" म्हणून तो गेला आणि मी पुन्हा डोळे मिटले.

ते आकडे कशाचे होते हे मला तीन आठवड्यांनी कळले. मोबाइलवरच्या एका गोळीबाराच्या खेळाला अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी पालकाचा फोन नंबर हवा होता. नातू तेरा वर्षांचा. त्याच्या आईवडिलांनी या खेळाला स्पष्ट नकार दिला होता. तेव्हा त्याने माझा नंबर दिला. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर त्याच्या पालकाने, म्हणजे मी, रीतसर संमती दिली होती.

मी चौतीस वर्षे बँकेत काढली. "ओटीपी कोणालाही सांगू नका" हा फलक शेवटच्या शाखेत मी स्वतः उभा राहून लावून घेतला होता. न वाचता सही करणाऱ्या किती जामीनदारांना मी खडे बोल सुनावले असतील, त्याची गणती नाही. "साहेब, मी फक्त सही केली होती," असे ते म्हणत आणि मी त्यांना कराराच्या कायद्यातले १२८ वे कलम समजावून सांगत असे: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सुनेने जेव्हा विचारले, "बाबा, तुम्ही ओटीपी दिलात?" तेव्हा माझ्या तोंडून निघाले, "अगं, मी फक्त आकडे वाचून दाखवले." इतक्या वर्षांनी ते सगळे जामीनदार माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

बँकेच्या आणि कायद्याच्या मराठीत लहान मुलाला एक विचित्र शब्द आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की माणूस 'सज्ञान', त्याआधी तो 'अज्ञान'. सातबाराच्या उताऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' अशी तीन अक्षरे असत. अज्ञान पालक कर्ता. या अज्ञानाशी केलेला करारच होत नाही, हे १९०३ सालच्या मोहरीबीबी खटल्यापासून पक्के झालेले आहे. बँकेच्या परीक्षेला बसणारा प्रत्येक कारकून तो खटला पाठ करतो. त्यामुळे मुलाच्या कागदावर पालकाची सही लागते. त्यामागचे गृहीत असे की मुलाला कळत नाही आणि पालकाला कळते. हिंसक व्हिडिओ गेमच्या बाबतीत हे गृहीतच उलटे झाले आहे. आमच्या घरात त्या खेळाविषयी सज्ञान एकच होता, आणि तो तेरा वर्षांचा होता.

या खेळांवरचा वाद नवा नाही. त्याचे माहेर अमेरिका. १९९२ साली 'मॉर्टल कॉम्बॅट' नावाचा मारामारीचा खेळ आला. पडद्यावरची माणसे कार्टूनची नव्हती, खऱ्या नटांची छायाचित्रे वापरून केलेली होती. जिंकणारा हरणाऱ्याचे काळीज उपटून काढी. पुढच्या वर्षी तो खेळ घरोघरच्या यंत्रांवर आला. निन्टेन्डो कंपनीने आपल्या आवृत्तीत रक्ताचा रंग काढून त्याचा करडा घाम केला. सेगा कंपनीने बटणांचा एक गुप्त क्रम ठेवला. तो दाबला की रक्त परत येई. तो क्रम मुलांना पाठ होता आणि पालकांच्या गावीही नव्हता. ९ डिसेंबर १९९३ रोजी लिबरमन आणि कोल या दोन सिनेटरांनी यावर सुनावणी घेतली. तुम्ही स्वतः नियम करा, नाहीतर आम्ही करू, असा दम भरला गेला आणि १९९४ मध्ये खेळांच्या वेष्टनावर वयोगट छापणारे मंडळ कंपन्यांनीच स्थापन केले. सरकारने नियंत्रण कंपन्यांवर सोपवले, कंपन्यांनी वेष्टनावरच्या एका अक्षरावर, आणि ते अक्षर वाचण्याचे काम पालकांवर.

पुढे एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. ते दोघे 'डूम' नावाचा खेळ खेळत असत, हे बाहेर आले आणि खेळ माणूस मारायला शिकवतो, ही समजूत घट्ट झाली. तेव्हापासून असे काही घडले की पहिला संशय खेळावर जातो.

संशोधन काय म्हणते? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली आपला ठराव पुन्हा तपासला. अशा खेळांचा आणि आरडाओरडा, ढकलाढकली यांसारख्या आक्रमकतेचा थोडासा संबंध दिसतो, पण खुनासारख्या हिंसेचे खापर खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा सारांश. ब्रिटनमध्ये २०१९ साली सुमारे हजार मुलांच्या पाहणीत तर आक्रमकतेशीही संबंध आढळला नाही. साध्या नजरेलाही हे पटते. हेच खेळ जपान आणि दक्षिण कोरियातली मुले रात्रंदिवस खेळतात. तिथल्या शाळांत गोळ्या चालत नाहीत, कारण तिथे घरोघर बंदुका नाहीत. दुसरीकडे, खेळावरचा ताबाच सुटणे हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या यादीत घातला आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. थोडक्यात, मुलगा खेळतो म्हणून तो खुनी होईल ही भीती फोल आहे, आणि म्हणून काळजीचे कारणच नाही हा निष्कर्षही तितकाच फोल आहे.

न्यायालयात हा वाद निकराने लढला गेला तो कॅलिफोर्नियाच्या कायद्यावरून. अठरा वर्षांखालील मुलांना हिंसक खेळ विकल्यास हजार डॉलरपर्यंत दंड, असा तो कायदा. २००५ साली त्यावर राज्यपालांची सही झाली आणि राज्यपाल होते अर्नोल्ड श्वार्झनेगर! पडद्यावर बंदुका चालवून ज्याने नाव कमावले त्यानेच मुलांना पडद्यावरच्या बंदुकांपासून वाचवायचे. २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा कायदा रद्द केला. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कालिया यांनी ग्रिमच्या परीकथांची आठवण करून दिली. हिमगौरीच्या सावत्र आईला लालबुंद तापलेल्या जोड्यांत मरेपर्यंत नाचवतात, हॅन्सेल आणि ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत ढकलतात. मुलांच्या गोष्टी कधी सौम्य होत्या?

हा युक्तिवाद आपल्याला परका वाटू नये. भीमाने दुःशासनाची छाती फोडून रक्त प्राशन केले ही गोष्ट मी सहाव्या वर्षी आजीच्या मांडीवर ऐकली. हिरण्यकशिपूचे पोट उंबरठ्यावर फाडले गेले तेही ऐकले. पण यात एक फरक राहून जातो. ती गोष्ट सांगताना आजी समोर होती. मी घाबरलो की तिला कळत असे. कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली आणायचा, द्रौपदीच्या मोकळ्या केसांची आठवण कधी करून द्यायची, हे तिच्या हातात होते. खेळाचे तसे नाही. तो मुलाच्या कानात बोलतो, आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्याला फक्त मुलाचा आवाज ऐकू येतो.

आमच्या लहानपणी हा दोष रहस्यकथांवर ठेवला जाई. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांनी पिढी बिघडणार, असे शिक्षक सांगत. सातवीत असताना अभ्यासाच्या पुस्तकात लपवलेले तसे एक पुस्तक वडिलांच्या हाती लागले. त्यांनी ते काढून घेतले. मार बसणार म्हणून मी रात्रभर जागा. सकाळी वडिलांनी पुस्तक परत केले आणि विचारले, "चोर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आला कसा, हे लिहिणाऱ्याने सांगितलेच नाही. तुझ्या लक्षात आले का?" त्यांनी ते रात्री वाचून काढले होते. पुढे म्हणाले, "परीक्षा झाल्यावर वाच." मी ते ऐकले. आज विचार केला तर वाटते, ते ऐकले कारण त्यांनी आधी वाचले होते.

आपल्याकडे काय झाले? मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजी खेळण्यावर बंदी घातली आणि ती मोडली म्हणून काही तरुणांना अटकही केली. मोबाइलवर खेळला म्हणून कोठडी! सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने हाच खेळ इतर ११७ ॲपसह बंद केला. अनेक घरांत तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला गेला. पण बंदीचे कारण हिंसा नव्हते. कारण होते देशाची सुरक्षितता आणि चीनशी असलेला संबंध. २०२१ मध्ये तो खेळ भारतीय नावाने परत आला तेव्हा त्यातले रक्त हिरवे झाले होते आणि 'मारले'च्या जागी 'संपवले' अशा अर्थाचा शब्द आला होता. करड्या घामापासून हिरव्या रक्तापर्यंत अठ्ठावीस वर्षे गेली, युक्ती तीच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. त्यात घरे बुडत होती, म्हणून ते योग्यच झाले. पण तेरा वर्षांच्या मुलाने दुपारी कोणता खेळ खेळावा, याचे उत्तर त्या कायद्यात नाही.

बंदीने प्रश्न सुटतो का, याचे उत्तर चीनने देऊन ठेवले आहे. सप्टेंबर २०२१ पासून तिथे अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळता येते. याहून कडक नियम कोणता असणार? तिथल्या मुलांनी काय केले? आजी-आजोबांच्या नावाची खाती वापरली. शेवटी कंपन्यांना खेळणाऱ्याचा चेहरा तपासावा लागला. हे वाचले तेव्हा मला हसू आले आणि मग आले नाही. त्या हजारो मैलांवरच्या आजोबांची आणि माझी ओळख पटली होती.

अमेरिकेतही दुकानांवर लक्ष ठेवून पाहिले गेले. तिथले व्यापार आयोग अल्पवयीन मुलांना दुकानात गिऱ्हाईक म्हणून पाठवून पाहत असे. २००० साली शंभरातल्या ८५ मुलांना सतरा वर्षांवरच्यांचा खेळ विकत मिळाला. २०११ च्या अहवालात हा आकडा १३ वर आला. म्हणजे काउंटरवरचा माणूस सुधारू शकतो. पण आता तो काउंटरच उरलेला नाही. दुकान मुलाच्या हातात आहे आणि काउंटरवर पालक बसलेला आहे. बहुतेक वेळा डोळे मिटून.

पालकांच्या जबाबदारीचा प्रश्न न्यायालयाने थेट विचारला तो मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड गावच्या प्रकरणात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांना ठार मारले. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी आणले होते. त्याच सकाळी मुलाने गणिताच्या गृहपाठाच्या कागदावर काढलेले बंदुकीचे चित्र शाळेने आईवडिलांना बोलावून दाखवले. ते पाहून दोघे मुलाला शाळेतच ठेवून निघून गेले आणि घरातल्या पिस्तुलाविषयी बोलले नाहीत. २०२४ मध्ये दोघांनाही मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या अशा हत्याकांडासाठी अमेरिकेत आईवडील दोषी ठरण्याची ही पहिलीच वेळ. या खटल्यात मुख्य प्रश्न मुलगा काय खेळत होता हा नव्हता. तुम्हाला काय दिसत होते आणि तुम्ही काय केलेत, हा होता.

अर्थात सगळे आईबापांच्या माथी मारून मोकळे होणे हीही एक पळवाटच. आमच्या घरात मुलगा आणि सून दोघेही सकाळी आठला बाहेर पडतात. सोसायटीत मैदान नाही. वाहनतळावर चेंडू खेळला की गाडीला लागतो म्हणून सचिव ओरडतात. शाळेचा गृहपाठही फोनवर येतो. दुसऱ्या बाजूला, मुलाने खेळ सोडू नये यासाठी शेकडो हुशार माणसे पगार घेऊन डोके चालवत आहेत. ही लढत बरोबरीची नाही. म्हणून कराराच्या कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जामीनदार अडकला म्हणून मूळ कर्जदार सुटत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानेही मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. पण सहा आकडे मिळाले म्हणजे पालक भेटला, असे कंपनीने समजू नये. झोपेतल्या म्हाताऱ्याची संमती ही संमती नव्हे, हे मी अनुभवाने सांगतो.

मग पालक कोण? या प्रश्नाचे मला भावलेले उत्तर एका कादंबरीकाराच्या भांडणातून मिळाले आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्या गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला आणि त्यावर आई म्हणून सही केली. बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई, असे शब्द होते. १९९९ साली न्यायालयाने सांगितले की 'त्यांच्यानंतर' म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असे नाही. वडील मुलाकडे लक्षच देत नसतील तर तेही अनुपस्थितच. हा निकाल आला तेव्हा मी नोकरीत होतो आणि आम्ही फक्त फॉर्मवरचा रकाना कसा बदलायचा याची चर्चा केली. घरात असूनही माणूस गैरहजर असू शकतो, हे त्यातले वाक्य मला आत्ता कळले. त्या मंगळवारी मी घरात होतो आणि गैरहजर होतो.

सुनेशी बोलणे झाल्यावर मी नातवाला म्हटले, "मला दाखव, काय आहे ते." तो आधी लाजला, मग उत्साहाने शिकवू लागला. मी पहिल्याच मिनिटात मेलो. तो इतका हसला की वर्षभरात तसा हसलेला मी पाहिला नव्हता. सलग चार दुपारी मी त्याच्याशेजारी बसलो. रक्ताचे मला फारसे काही वाटले नाही. खेळात डावपेच आहेत, मित्राला वाचवण्यासाठी मागे फिरणे आहे; कबड्डीत असते तसे. पण एका दुपारी त्याने कानातले एक टोक मला दिले. त्याच्या संघात एक अनोळखी पुरुष बोलत होता. आवाज तिशीतला असावा. वाक्यागणिक शिवी, आणि मध्येच प्रश्न: "तू कुठे राहतोस? घरी कोण असतं?" नातू म्हणाला, "तो सगळ्यांनाच विचारतो, आजोबा." मला त्या क्षणी जी भीती वाटली ती कुठल्याही बंदुकीची नव्हती. आम्ही घरात महिनाभर रक्तावर वाद घालत होतो आणि हा माणूस दुपारी दोन वाजता आमच्या घरात बसत होता.

संध्याकाळी मी मुलाला आणि सुनेला सगळे सांगितले आणि दिलेली संमती मागे घेतली. खेळ बंद झाला. तेव्हा नातवाने एकच प्रश्न विचारला, "आजोबा, तुम्ही तर हो म्हणाला होतात ना?" माझ्याकडे उत्तर नव्हते. न पाहता दिलेला होकार त्याने खरा मानला होता आणि पाहून दिलेला नकार त्याला दगाबाजी वाटत होता. माझा नकार योग्य होता, असे मला आजही वाटते. पण त्याची किंमत त्याने मोजली, चूक माझी असताना. नऊ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या वयात नऊ दिवस फार असतात, आणि माझ्याही.

आता आमच्या घरी साधा नियम आहे. जो खेळ हवा तो आधी आमच्यापैकी एकाने त्याच्याबरोबर दोन दिवस खेळायचा. नावाखाली छापलेला वयाचा आकडा वाचायचा. अनोळखी माणसांशी बोलणे बंद ठेवता येते का पाहायचे. मगच हो किंवा नाही म्हणायचे, आणि नाही म्हटले तर का ते सांगायचे. या नियमाने सगळे सुरळीत झाले, असा माझा दावा नाही. परवाच एका खेळावरून सून आणि नातू यांच्यात कडाक्याचे वाजले.

गेल्या रविवारी माझ्या फोनवर पुन्हा सहा आकडे आले. नातू दारात उभा होता. "कशाचे आहेत रे?" मी विचारले. तो म्हणाला, "आधी चष्मा लावा, आजोबा. मग सांगतो."